पाचव्या दिवसाची लय

नऊ मे. पिंप घासत होते. आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं आणि नऊ तारीख पाण्याची होती. हैदराबादची गाडी अकराला संध्याकाळी, पण कपडे धुवायचे तर आजच, पिंपं भरायची तर आजच. त्यामुळे आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या परिषदेची तयारी मी अशी केली: उजव्या हातात काथ्या, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन, आणि फोनवर आमचे विभागप्रमुख सोळंके सर.

"मॅडम, पोस्टरवरची रेघ जरा जाड करून घ्या. लांबून दिसली पाहिजे."

"सर, पाणी आलंय. नंतर बोलते."

"पाणी काय, रोजचंच आहे."

सर हर्सूलच्या पुढं नव्या सोसायटीत राहतात. चार वर्षांपूर्वी तिथं ज्वारी होती, आता सात मजले आहेत. नळ अजून पोचलेला नाही, पण टँकर रोज येतो आणि त्याला फोन करायचं काम सोसायटीचा मॅनेजर करतो. म्हणजे सरांना पाणी रोजचंच. हे वाक्य मी ऐकलं आणि पिंपाच्या तळाशी गेले. तिथंच थांबून त्यावर दोन मिनिटं विचार केला असता, तर हे प्रवासवर्णन लिहायची वेळ आली नसती.

मी वैशाली मुळे. संभाजीनगरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डेटा सांभाळते. रक्त काढणारे वेगळे, तपासणारे वेगळे. तपासून झालं की आकडे माझ्याकडे येतात आणि त्या आकड्यांत काही दडलंय का ते मी संगणकावर शोधते. याला बायोइन्फर्मॅटिक्स म्हणतात. चाळिशी उलटल्यावर मी त्याचा अभ्यासक्रम केला. सासूबाईंनी शेजारी सांगितलं, "ती रक्ताचं टायपिंग करते." इतकी नेमकी व्याख्या मला नंतर कुठल्याही परिषदेत ऐकायला मिळाली नाही.

तर आमचा शोध. पुंडलिकनगरात आमचं रक्त गोळा करायचं एक केंद्र आहे. तिथं चाळीस ते पंचावन्न वयाच्या बायका वर्षभर अधूनमधून रक्त देत होत्या. "तुमच्या सोयीच्या दिवशी या," असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं आणि या सौजन्याचा मला अभिमान होता. त्यांच्या रक्तात स्नायूंमधून झिरपणारं एक एन्झाइम असतं. ते दर पाच दिवसांनी वर चढतं, उतरतं, पुन्हा पाचव्या दिवशी चढतं, असं माझ्या प्रोग्रामनं दाखवलं. त्याच गल्ल्यांतल्या पुरुषांमध्ये असं काही नव्हतं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या बायकांमध्येही नव्हतं.

सरांनी त्याला 'पंचदिनी लय' असं नाव दिलं. पुरुषांत नाही म्हणजे कारण संप्रेरकांचं. वाळूजला नाही म्हणजे शिफ्टच्या नोकरीनं निसर्गाची लय मोडते. शेवटचं वाक्य मीच लिहिलं. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा आवडलं.

रक्त देणाऱ्या बायकांत मीही होते. नावं काढून टाकलेली असतात, पण स्वतःचा नंबर कोण विसरतं? सगळ्यांत देखणी रेघ माझी होती. आमच्या वेरूळच्या डोंगराचं चित्र लहान मुलानं काढावं तशी, एकसारख्या उंचीची टोकं. मी ती फोनवर नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "छान आहे. डबा झाला का?"

या शोधावर बरंच काही टांगलेलं होतं. हैदराबादला निरनिराळ्या शहरांतल्या प्रयोगशाळांचं एक जाळं ठरणार होतं. त्यात जागा मिळाली तर आमचा डेटा आमच्याकडे राहणार आणि निबंध आमच्या नावानं छापून येणार. आजवर आम्ही रक्त पाठवायचो, आकडे पाठवायचो आणि निबंध निघायचा मोठ्या शहरांच्या नावानं. शेवटी आभारात एक ओळ: 'मराठवाड्यातील एक केंद्र'. सरांनी अशा सतरा ओळी कापून फाइलला लावल्या आहेत. कुणी विचारलं तर ते ती फाइल दाखवत नाहीत. मला एकदा दाखवली.

रात्रभराच्या प्रवासात सांगण्यासारखं एकच. पोस्टर गुंडाळून ठेवलेली लांब काळी नळी मी वरच्या बर्थवर ठेवत होते. परतूरला चढलेल्या एका गृहस्थांनी ती टेकवायला मदत केली आणि विचारलं, "ताई, ठिबकचा हा पाइप कुठं मिळायलाय? आमच्याकडं एवढा जाड येत नाही."

"यात पाइप नाही. रक्ताचं चित्र आहे."

त्यांनी पाय वर घेतले आणि सकाळपर्यंत खाली सोडले नाहीत.

बारा मे, हैदराबाद

परिषद एका मोठ्या संस्थेच्या आवारात होती आणि उतरायची सोय तिथल्याच अतिथिगृहात. आवारात हिरवळ. मे महिन्यात. तिच्यावर कारंजी उडत होती आणि दोन बुलबुल त्यात अंघोळ करत होते. मला त्या पक्ष्यांचा हेवा वाटला, हे आधीच कबूल करते.

जेवण आपल्याला परकं नाही. बगाऱ्याची वांगी म्हणजे आपली भरली वांगी, चिंचेत जास्त वेळ बसलेली. पण पाण्याची रीत पाहवेना. आमच्याकडे यंदा हॉटेलात 'पाणी लागणारे का?' असं विचारून अर्धा पेला देतात. इथं टेबलावर भरलेला जग, आणि गिऱ्हाईक उठलं की पेल्यातलं उरलेलं पाणी सरळ ओतून टाकतात. पहिल्याच जेवणात मी माझं पाणी संपवलं, सरांचं संपवलं, आणि सर हात धुवायला गेल्यावर जगातलंही बऱ्यापैकी संपवलं. त्यामुळे उद्घाटनाच्या भाषणातला मधला भाग मला सांगता येणार नाही. मी दोनदा बाहेर होते.

संध्याकाळी खोलीत नळ सोडला तर सूं असा आवाज. टाकी धुवायला काढली होती म्हणे. मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडे शाळेतलं पोर सांगेल: नळ उघडा ठेवायचा, खाली बादलीत स्टीलची ताटली उपडी घालायची, पाणी आलं की ती वाजते. तसं केलं. झुरळं येऊ नयेत म्हणून मोरीच्या जाळीवर ओला पंचा घट्ट दाबला. आणि सरांबरोबर जेवायला गेले.

ताटली वाजली असणार. ऐकायला कुणी नव्हतं.

तासाभरानं परत आलो तर पाणी माझ्या खोलीतून निघून, पाच पावलांचा बोळ ओलांडून, समोरच्या सरांच्या खोलीत शिरलं होतं. सरांनी पोस्टरची नळी कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. झाकण सैल होतं. पोस्टरची खालची कड भिजली आणि तिथला वाळूजचा आलेख पुसट निळा डाग होऊन बसला.

अतिथिगृहाची देखभाल रहमतबी नावाच्या बाई बघतात. वय माझ्याएवढंच, आवाज माझ्या दुप्पट. साडी खोचून त्या पोछा घेऊन आल्या.

"अम्मा, नल खुल्ला छोड के कौन जाता जी?"

"हमारे यहाँ ऐसाच छोड़ते. पानी आया तो आवाज आता."

"किधर से आये आप?"

"संभाजीनगर. औरंगाबाद."

"हौ, तभीच!" त्यांचा राग एकदम उतरला. "मेरी खाला का घर है उधर. पानी के दिन खाला फोन बी नै उठाती. मय्यत हुई तो बी अगले दिन बोलो, बोलती."

मी हसले. सरसुद्धा ओल्या मोज्यांत उभे राहून हसले. मग मी रहमतबींकडे पंखा मागितला आणि वाळूज वाळत घातलं.

तेरा मे

दिवसभर भाषणं. विज्ञान केवढं पुढं गेलंय ते चार ओळींत सांगते, कारण जेवढं कळलं तेवढं चार ओळींचंच आहे. प्रथिनाचा आकार शोधण्यात पूर्वी माणसाची वर्षं जायची, तो आता संगणक बसल्या जागी सांगतो. ऊतीचा तुकडा घेतला तर त्यातल्या एकेका पेशीचं वेगळं गाऱ्हाणं ऐकता येतं. आणि सगळ्यांत मला आवडलं ते हे, की रुग्णांचे आकडे रुग्णालयाबाहेर न्यायचेच नाहीत; शिकायला आलेला प्रोग्रामच रुग्णालयोरुग्णालयी फिरतो. पूर्वी कल्हईवाला दारात येऊन बसायचा, भांडी घराबाहेर जायची नाहीत, तसं.

दुपारी एका गृहस्थांचं भाषण झालं. त्यांनी आजारी आणि निरोगी माणसांच्या रक्तातला एक ठळक फरक दाखवला. सगळे पुढं सरसावले. मग त्यांनी सांगितलं, की आजाऱ्यांचं रक्त एका यंत्रावर तपासलं होतं आणि निरोग्यांचं दुसऱ्या. फरक यंत्रांचा होता. "आकड्यांत शरीर शोधण्याआधी," ते म्हणाले, "त्या दिवशी आणखी काय काय चाललं होतं ते विचारा."

सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या अजून आहेत. वही उघडली की मी ते पान पटकन उलटते.

चौदा मे

सकाळी पोस्टर लावली. आपण पोस्टरशेजारी उभं राहायचं, लोक येतात, विचारतात. साखरपुड्यात मुलीकडचे उभे असतात तसं. साडेनऊच्या सुमाराला डॉ. पद्मजा आल्या. केरळच्या, पांढऱ्या केसांच्या, मान कलती करून ऐकणाऱ्या. जाळ्यात कुणाला घ्यायचं हे त्याच ठरवणार होत्या. सरांनी शर्ट खाली ओढला. मी काडी उचलली आणि सगळ्यांत उंच टोकावर ठेवली.

त्याच क्षणी माझ्या पर्समधून माझाच आवाज ओरडला:

"आई! पाण्याचा दिवस! मोटार लावायला सांगा! नळी आधी टाकीत सोडा!"

फोनमध्ये मी दर पाच दिवसांनी वाजणारी आठवण लावलेली आहे. साध्या घंटीकडं घरात कुणी लक्ष देत नाही, म्हणून स्वतःचा आवाज भरून ठेवला. गावाला जाताना तो बंद करायचा असतो हे लक्षात राहिलं नाही. पर्सची चेन अडकली. माझा आवाज तीनदा ओरडला. चौथ्या वेळी सरांनी पर्सवर हात दाबून धरला.

"काय म्हणतायत त्या?" डॉ. पद्मजांनी इंग्रजीत विचारलं.

"काही नाही, मॅडम," मी म्हणाले. "आज आमच्याकडे नळाला पाणी येतं. दर पाचव्या दिवशी. घरच्यांना सांगायला लावून ठेवलंय."

"दर पाचव्या दिवशी," त्या म्हणाल्या. त्यांनी पोस्टरकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग मान हलवून पुढच्या पोस्टरकडं गेल्या.

त्यांच्यावर छाप पडली असं मला वाटलं.

फोन बंद करायला काढला तर पडद्यावर आठवणींची यादी होती. चार मे. नऊ मे. चौदा मे. एकोणीस मे. मी ती वाचली आणि समोर पाहिलं. आलेखाखाली मागच्या ऑगस्टच्या तारखा होत्या, मीच टाइप केलेल्या, एकेका टोकाखाली एकेक. अंगावर गार पाणी पडल्यासारखं झालं. आमच्याकडे यंदा तेही पाचव्या दिवशीच पडतं.

लगेच घरी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "पाणी आलंय, ठेव," आणि ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही. रहमतबींच्या खालाची आठवण झाली. एक वाजेपर्यंत मी पोस्टरशेजारी उभी होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लय समजावून सांगत होते. दर वेळी आवाज थोडा लहान होत गेला.

एक वाजता त्यांचाच फोन आला.

"बोल. आताशी बूड टेकलंय माझं."

"आई, मागच्या वर्षीची दिनदर्शिका आहे का?"

"दारामागं टांगलीय. कामून?"

"पाण्याच्या तारखांना तुम्ही गोल करता ना? ऑगस्टचे वाचून दाखवा."

"हैदराबादला कामून लागायल्या तुला पाण्याच्या तारखा? तिथं बी आटलं का?"

"वाचा तर खरं."

"थांब, चष्मा घेऊ दे. हां. तीन. आठ. तेरा. अठरा. मग चोवीस."

"तेवीस नाही?"

"तेवीसला कुठं आलं होतं? नव्या पाइपलाइनसाठी खोदता खोदता जुनी फोडली नव्हती का त्यांनी? मी पिंप आधीच उपसून बसले म्हणून तू दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस."

मी आलेखावर बोट ठेवत गेले. चार, नऊ, चौदा, एकोणीस आणि मग पंचवीस. प्रत्येक टोक पाण्याच्या दुसऱ्या दिवशी. पंचवीसचं टोक एक दिवस सरकलेलं होतं, त्याचं कारण आम्ही लिहिलं होतं, 'श्रावणातील उपवास'.

"आई, वाळूजला पाणी किती दिवसांनी येतं?"

सासूबाई, लहान मुलाला सांगावं तशा: "तुझी नणंद कुठं राहते?"

"वाळूजला."

"आपण गोधड्या धुवायला कुठं नेतो?"

"वाळूजला."

"कामून नेतो?"

"तिथं रोज पाणी असतं म्हणून."

"मग? बरी आहेस ना तू? उन्हात फिरायलीस का?"

"एकच विचारते. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखतं का तुमचं?"

"ऐका! तू स्वतः दुसऱ्या दिवशी खांद्याला मलम चोळत बसतीस ते काय हौसेनं?"

वाचकांसाठी सरळ सांगते. कष्ट झाले की स्नायूंमधलं ते एन्झाइम रक्तात उतरतं आणि दुसऱ्या दिवशी तपासलं तर वाढलेलं दिसतं. व्यायामशाळेत नव्यानं जाणाऱ्याचंही वाढतं. पाण्याच्या दिवशी मोटार वरची टाकी भरते, पण पिंपं, हंडे, घागरी, कूलर हातानं भरायचे आणि पाच दिवसांच्या चादरी हातानं आपटायच्या. त्या दिवशी रक्त द्यायला कुणी फिरकत नाही. सोयीच्या दिवशी या, असं आम्हीच सांगितलेलं. बायका दुसऱ्या दिवशी, खांदे चोळत यायच्या. पाण्याच्या दिवसाच्या रिकाम्या जागा माझ्या प्रोग्रामनं अंदाजानं भरून टाकल्या होत्या. आणि हे सगळं शोधून काढणारी बाई स्वतः पुंडलिकनगरात राहते, पाचव्या दिवशी रजा टाकते आणि तिनं नात्यातल्या लग्नांच्या तारखाही नळ बघून नाकारल्या आहेत.

सर कॅन्टीनमध्ये दहीभात खात होते. मी समोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"आकडे खोटे नाहीत ना?"

"आकडे खरे आहेत, सर. आपण त्यांना नाव चुकीचं ठेवलं."

"उद्या भाषण आहे, मॅडम."

"हो."

"भाषण होऊ द्या. जागा मिळू द्या. मग सवडीनं दुरुस्ती करू. सगळेच करतात."

सर भाताकडं बघत राहिले. "माझे वडील म्हणायचे, रास घरात आल्याशिवाय पोती मोजू नये. मी आख्ख्या विभागाला सांगून बसलोय." मग ताट सरकवून उठले. "बोलणार तुम्ही आहात. मला विचारू नका. विचारलं तर मी नाही म्हणेन."

म्हणून मी विचारलं नाही.

पंधरा मे

नवऱ्यानं सकाळी दिनदर्शिकेच्या ऑगस्टच्या पानाचा फोटो पाठवला. आडवा. कोपऱ्यात सासूबाईंचा अंगठा आणि भिंतीवरची पाल. सरळ करायला वेळ नव्हता.

मला पंधरा मिनिटं होती. आधी आमची लय दाखवली. तयारी केली होती तशीच, जाड रेघेसकट. पुढच्या रांगेतले दोघे लिहून घ्यायला लागले, तेव्हा वाटलं की अजूनही थांबता येईल. सर तिसऱ्या रांगेत होते आणि छताकडं बघत होते. मी बटण दाबलं. पडद्यावर पाल, अंगठा आणि निळे गोल आले.

"हे आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागचं आहे," मी म्हणाले. "या आमच्या नळाला पाणी येण्याच्या तारखा. आता मागचा आलेख पुन्हा बघा."

आधी एक जण हसला, मग बरेच हसले. मग हसू थांबलं. एका तरुण प्राध्यापकांनी विचारलं, "पण त्याच घरातल्या पुरुषांत लय का नाही? ते पाणी भरत नाहीत?"

"भरतात की. मोटारीचं बटण तेच दाबतात."

मागच्या रांगेतून तीन-चार बायका उठून बाहेर गेल्या. कंटाळल्या असाव्यात असं समजून मी उरलेलं भाषण भराभर उरकलं. नंतर चहाला गेले तर त्या व्हरांड्यात होत्या, प्रत्येकीच्या कानाला फोन. एक तमिळमध्ये बोलत होती, एक कन्नडमध्ये. भाषा येत नव्हत्या, पण आवाजातली घाई ओळखीची होती. आपापल्या गावच्या पाण्याचे वार विचारणं चाललं होतं.

डॉ. पद्मजा कप घेऊन आल्या. "काल तुमचा फोन ओरडला तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. म्हटलं, बघू, या सांगतात का."

"आणि सांगितलं नसतं तर?"

त्यांनी साखर ढवळली. "सासूबाईंची दिनदर्शिका चांगली आहे. पण मला पाणी सोडणाऱ्याच्या नोंदी हव्यात. कुठल्या दिवशी, किती वाजता, किती वेळ. महिन्याअखेरीला जागा ठरतील. तोवर मिळाल्या तर तुमचा अर्ज वाचीन. नाही मिळाल्या तर वाचणार नाही."

निघताना रहमतबींना सांगितलं, की तुमची खाला खरं बोलते. "वो तो हमेशा बोलती," त्या म्हणाल्या, आणि मोरीच्या जाळीवरचा माझा पंचा धुऊन, घडी करून हातात दिला.

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले होते. पोस्टरची नळी त्यांच्या मांडीवर होती. जालन्याला चहा आला. दोन घोट घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या गल्लीत पाणी सोडणारा लाइनमन ओळखीचा आहे का?"

सोळा मे घरी पोचण्यात आणि बॅग उपसण्यात गेला. कपडे धुतले नाहीत, पाणी एकोणीसला. सतराला सकाळी सहा वाजता मी टाकीजवळच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी जाऊन उभी राहिले. आमचे लाइनमन रंगनाथ काळे कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह फिरवत होते. मला बघून त्यांनी आधीच हात वर केला.

"आज तुमचा नंबर नाय, ताई. परवा."

"पाणी नकोय. तुम्ही सोडण्याची वेळ लिहिता ती वही पाहिजे."

"कामून? तक्रार करायलात का वर?"

"नाही. बायकांच्या रक्ताशी जुळवायचीय."

त्यांनी व्हॉल्व्हवरची चावी काढून घेतली. मग वर आले, हात पुसले आणि सायकलच्या हँडलला लटकवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून शाळेची दुरेघी वही काढली. गल्लीनुसार तारखा. किती वाजता उघडलं, किती वाजता बंद. शेवटच्या रकान्यात शेरे: 'लाइट नाय', 'दाब कमी', 'खोदकामात फुटली'. एकही जागा रिकामी नव्हती. आमच्या प्रयोगशाळेत अशी वही नाही.

"घेऊन जायला देत नसतो मी. इथं बसून काय उतरवायचं ते उतरवा."

मी एक बादली उपडी घातली, वर बसले आणि पानांचे फोटो काढायला लागले. ऑगस्ट आला. तेवीसला काट, चोवीसला बरोबर. काळेभाऊ वाकून बघत होते.

"यातून कळतं व्हय, कुणाचं अंग दुखतं ते?"

"कळतं."

"मग माझं बी घ्या की रक्त. रोज चाळीस वाल फिरवतो. दंड लई ठणकतेत."

मी फोन खाली ठेवला. पुरुष. रोजचे कष्ट, पाचव्या दिवसाचे नाहीत. अख्ख्या वर्षात आम्हाला ताडून बघायला असा माणूस एकदाही शोधावासा वाटला नव्हता, आणि तो दर पाचव्या दिवशी आमच्या गल्लीत येत होता.

"उद्या सकाळी या. उपाशीपोटी."

"उद्याच कामून? येतो की सवडीनं."

"सवडीनं नको," मी म्हणाले, आणि त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, वार आणि वेळ लिहून दिली.